अमेरिकेतल्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या कमिटी मीटिंगमध्ये बसायचा हक्क असतो का? मला बाहेर काढलं

गोदाकाठची

नमस्कार, इथे अमेरिकेत शिकणारे, शिकवणारे, युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात काम करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मी एका स्टेट युनिव्हर्सिटीत पीएचडी करतेय, चौथं वर्ष चालू आहे. राज्याचं नाव मुद्दाम सांगत नाहीये, सांगितलं की युनिव्हर्सिटी लगेच ओळखू येईल आणि मला अजून दीड वर्ष इथेच काढायचंय.

झालं असं की आमच्याकडे स्टुडंट फी बघणारी एक कमिटी आहे, नऊ जणांची. चार विद्यार्थी, दोन प्रोफेसर, बाकीचे ऑफिसचे. पुढच्या वर्षीच्या फीचा आकडा तिथेच ठरतो. यंदा ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांची फी सेमिस्टरला ११० डॉलरनं वाढणार अशी कुणकुण लागली होती. आमची ट्यूशन माफ असते पण ही फी त्यात येत नाही, ती स्टायपेंडमधूनच भरायची, आणि ज्यांची पोरंबाळं आहेत सोबत त्यांच्यासाठी ११० डॉलर म्हणजे आठवड्याचा किराणा आहे. म्हणून म्हटलं जाऊन ऐकूया तरी नक्की कशासाठी वाढवतायत.

तिसऱ्या मजल्यावर कॉन्फरन्स रूम. दाराला टेपनं एक कागद चिकटवलेला, त्यावर तारीख, वेळ आणि खाली एकच ओळ, फी रिव्ह्यू, चर्चा. बास. दाराशी बसलेल्या बाईंनी रजिस्टर पुढे केलं, नाव लिहा, डिपार्टमेंट लिहा, कशासाठी आलात तेही लिहा. मी सगळं लिहून भिंतीकडच्या खुर्चीवर बसले. दहा मिनिटं झाली असतील नसतील, अध्यक्ष म्हणाले की ही वर्किंग मीटिंग आहे, मेंबर नसलेल्यांनी बाहेर थांबावं. मेंबर नसलेली मी एकटीच होते. सगळे माझ्याकडे बघतायत, मी पिशवी उचलली आणि बाहेर आले. तेव्हा काहीच सुचलं नाही बोलायला, घरी आल्यावर मात्र झोप लागेना.

रूममेट म्हणाली की इथे ओपन मीटिंग्ज लॉ असतो, सरकारी संस्थांच्या मीटिंगला कुणीही बसू शकतं. मग अध्यक्षांनी मला बाहेर काढलं ते चूक होतं का? हा कायदा युनिव्हर्सिटीच्या अशा छोट्या कमिट्यांना लागतो की फक्त वरच्या बोर्डाला? आणि मी एफ-वन व्हिसावर आहे, मी सिटिझन नाही, मला हा हक्क आहे का, की तक्रार केली तर उगाच डोळ्यावर येईन? पुढची मीटिंग गुरुवारी आहे, त्याच्या आत काय करावं ते कळत नाहीये.

---

तुळशीवृंदावन

अगं आधी शांत हो, तू काही चुकीचं केलेलं नाहीस. मी विस्कॉन्सिनमध्ये एका सरकारी कॅम्पसवर फॅकल्टी कमिट्यांचं कामकाज बघते, नोटिसा लावणं, मिनिट्स लिहिणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे माझ्या राज्याचं खात्रीनं सांगते, तुझं राज्य वेगळं असेल तर तपशील बदलेल.

आमच्याकडे कायद्यात व्याख्याच अशी आहे की घटना, कायदा, वटहुकूम, नियम किंवा आदेशानं तयार झालेली कुठलीही समिती, मंडळ, परिषद ही सरकारी बॉडी. त्यामुळे कमिटी मोठी की छोटी हा प्रश्नच येत नाही, ती कुठल्या नियमानं किंवा आदेशानं जन्माला आली एवढंच बघायचं. नोटीस किमान २४ तास आधी लावावी लागते, अगदीच अडचण असेल तर दोन तासांपर्यंत खाली येता येतं पण त्याला सबळ कारण लागतं. आणि नोटिशीत विषय असा लिहायचा की वाचणाऱ्याला कळलं पाहिजे काय चर्चा होणार आहे. "फी रिव्ह्यू, चर्चा" असं लिहून मी नोटीस लावली असती तर आमच्या सेक्रेटरीनं माझ्याकडून परत लिहून घेतली असती.

मीटिंग बंद करता येते, नाही असं नाही. पण त्याची रीत आहे. आधी सगळ्यांसमोर मीटिंग सुरू करायची, मग अध्यक्षांनी सांगायचं की कायद्याच्या अमुक कलमाखाली आम्ही क्लोज्ड सेशनमध्ये जातोय, मग प्रस्ताव, मग कोणी कसं मत दिलं याची नोंद. तुझ्या अध्यक्षांनी यातलं काही केलं का? "वर्किंग मीटिंग" असं कलम मी तरी कुठे पाहिलेलं नाही. बंद करायची कारणं ठरलेली असतात, कुणाची नोकरी, बढती, शिस्तभंग, जमीन खरेदीची बोलणी, वकिलाचा सल्ला अशी. फीवाढ त्यात कुठे बसवणार?

एक गोष्ट सांगते, जी आमच्या इथल्या नव्या प्रोफेसरांनाही माहीत नसते. विस्कॉन्सिनच्या कायद्यात टेन्यूरचा, म्हणजे प्रोफेसरच्या कायमस्वरूपी नेमणुकीचा, स्पष्ट उल्लेख आहे. एखाद्याला टेन्यूर द्यायचं की नाही याच्यावर पुरावे ऐकायचे असतील किंवा शेवटचा निर्णय घ्यायचा असेल तर त्या माणसाला आधी कळवावं लागतं, आणि त्या नोटिशीत लिहावं लागतं की ही मीटिंग उघडी घ्या अशी मागणी करायचा तुम्हाला हक्क आहे. म्हणजे बंद दाराची सोय ज्याच्या अब्रूसाठी आहे तोच म्हणाला दार उघडा, तर उघडावं लागतं. मी एकदाच पाहिलंय असं कुणी मागितलेलं. त्या दिवशी खोलीत खुर्च्या कमी पडल्या, मी शेजारच्या वर्गातून ओढून आणल्या. सगळे कमिटी मेंबर नेहमीपेक्षा सावकाश, कागद बघून बोलत होते, प्रत्येक मुद्द्याला कारण देत होते. निकाल काय लागला ते सांगत नाही, पण मिनिट्स लिहायला इतकी स्वच्छ मीटिंग मला परत मिळाली नाही.

---

कोकणकडा

तुळशीताईंनी विस्कॉन्सिनचं अगदी बरोबर सांगितलंय पण बाकी राज्यांत इतकं सरळ नाहीये, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मी शिकत असताना इथल्या एका स्टुडंट पेपरमध्ये चार वर्षं होतो आणि आता लॉ लायब्ररीत काम करतो, या विषयावरच्या केसेस मी खूप वाचल्यात कारण आम्हालाही असंच दाराबाहेर उभं केलेलं. वकील नाही हे आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, ओपन मीटिंग्जचा हक्क हा अमेरिकन घटनेतून येत नाही, तो राज्याच्या कायद्यातून येतो. १९८४ मध्ये मिनेसोटाच्या कम्युनिटी कॉलेजच्या प्रोफेसरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की सरकारनं तुमचं ऐकून घेतलंच पाहिजे असा घटनात्मक हक्क नाही. म्हणून "इट्स माय राइट" म्हणून भांडायला जाऊ नका, आपल्या राज्याचं कलम हातात घेऊन जा.

दुसरं, वरच्या बोर्डाला, म्हणजे रीजंट्स किंवा ट्रस्टी, त्यांना कायदा लागतो याबद्दल सहसा वाद नसतो. खरी मारामारी खालच्या कमिट्यांवर. आणि तिथे राज्याराज्यात उलटे निकाल आहेत. वॉशिंग्टन राज्यात १९७५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या लॉ स्कूलच्या चक्क फॅकल्टी मीटिंगलाच ओपन मीटिंग कायदा लावला, कारण त्या राज्याच्या कायद्यानंच युनिव्हर्सिटीच्या कारभाराचा एक भाग फॅकल्टीच्या हातात दिलाय, आणि कारभार करणारे म्हटले की दार उघडं. त्यानंतर दोनच वर्षांनी १९७७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात लॉ स्कूलच्या विद्यार्थी संघटनेनं हेच मागितलं तर तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लॉ फॅकल्टी ही गव्हर्निंग बॉडी नाही, कायदा लागत नाही. तोच प्रश्न, तशीच लॉ स्कूल, दोन टोकाची उत्तरं.

सल्लागार कमिटी हा सगळ्यात मोठा घोळ. तुमचे अध्यक्ष उद्या म्हणतील की आम्ही फक्त शिफारस करतो, निर्णय वरचे घेतात, म्हणून आम्हाला कायदा लागत नाही. इलिनॉयमध्ये हे चाललंय, १९७७ चीच केस, युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयच्या असेंब्ली हॉलसाठी एक सल्लागार कमिटी होती, अपील कोर्ट म्हणालं ही प्रशासनाला सल्ला द्यायला नेमलेली अंतर्गत कमिटी आहे, ओपन मीटिंग कायद्यात बसत नाही. पण फ्लोरिडात हेच चाललं नाही. युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाच्या लॉ स्कूलला डीन हवा होता, प्रेसिडेंटनं, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या प्रमुखानं, सर्च कमिटी नेमली, कमिटीनं आलेले अर्ज चाळून यादी बारीक करायची होती, पत्रकारांनी बसायचं म्हटलं तर नाही म्हणाले. वूड विरुद्ध मार्स्टन, १९८३. कोर्टानं विचारलं की कमिटीनं अर्ज बाद केले का? केले. मग ज्याला बाद केलं त्याच्यापुरता निर्णय तिथेच झाला, प्रेसिडेंटपर्यंत तो पोचलाच नाही. म्हणजे ही कमिटी नुसती माहिती गोळा करत नव्हती, ती निर्णय घेत होती, म्हणून सनशाइन लॉ, म्हणजे फ्लोरिडाचा ओपन मीटिंग्ज कायदा, लागतो. मला ही केस फार आवडते कारण कोर्टानं कमिटीचं नाव काय आहे ते बघितलं नाही, ती करते काय ते बघितलं.

तर गोदाकाठची, तुमच्या प्रश्नाची किल्ली एका कागदात आहे, ती कमिटी ज्या पत्रानं, ठरावानं किंवा नियमानं नेमली तो कागद. त्यात कोणी नेमली, कशासाठी नेमली, आणि तिनं आकडा काढल्यावर पुढे कोणी तो बदलू शकतं का, हे तीन प्रश्न. वरच्या बोर्डाच्या नियमात कमिटीचं नाव असेल तर तुमची बाजू भक्कम. कुणा व्हाइस चॅन्सेलरनं आपल्या सोयीसाठी चार लोकांना बोलावलं असेल तर कमकुवत. पण जर कमिटी तीनचार पर्याय मांडून दोन तिथल्या तिथे काढून टाकत असेल तर फ्लोरिडासारखा युक्तिवाद करता येतो, तुमच्या राज्याच्या कोर्टानं तो मानलाय का ते बघायला हवं. राज्याच्या अटर्नी जनरलच्या वेबसाइटवर बहुतेक ओपन मीटिंग्जचं मॅन्युअल फुकट मिळतं, त्यात युनिव्हर्सिटी किंवा अ‍ॅडव्हायजरी कमिटी असं शोधा.

आणि ते रजिस्टर! नाव लिहिल्याशिवाय आत सोडणार नाही असं वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियात करता येत नाही, कायद्यातच लिहिलंय. रजिस्टर ठेवू शकतात, पण सही ऐच्छिक. कशासाठी आलात हे विचारणं तर त्याहून पुढचं झालं.

---

वाईचा_घाट

कोकणकडा, माहिती छान आहे पण मला दुसरी बाजू मांडायचीय, राग मानू नका. मी इथे प्रोफेसर आहे, दोन सर्च कमिट्यांवर बसलोय. दार उघडं असलं की लोक मनातलं बोलत नाहीत. आणि उमेदवाराचं काय? एखादी बाई दुसऱ्या युनिव्हर्सिटीत डीन आहे, तिनं आपल्याकडे अर्ज केला हे तिच्या बॉसला पेपरातून कळलं तर ती तिथे पुढची दोन वर्षं कशी काढणार? आमच्याकडे एक अतिशय चांगल्या उमेदवारानं एवढ्याच कारणासाठी अर्ज मागे घेतला. मी स्वतः तिच्याशी फोनवर बोललो होतो, तिचा आवाज अजून आठवतो. पारदर्शकता पाहिजेच, पण ती माणसाच्या पोटावर येऊ नये.

फीच्या कमिटीचं मात्र मलाही पटत नाही. तिथे कुणाचं खाजगी काय आहे? पैसा विद्यार्थ्यांचा, हिशोब विद्यार्थ्यांसमोर व्हायला पाहिजे.

---

कोकणकडा

वाईचा घाट, राग कसला, तुमचा मुद्दा खरा आहे आणि राज्यांनीही तो ऐकलाय. मिशिगनचंच बघा. १९८८ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनच्या रीजंट्सनी नवीन प्रेसिडेंट निवडला तो बराचसा फोनवर आणि कोरम होणार नाही अशा छोट्या छोट्या गटांत भेटून. पेपरवाले कोर्टात गेले, १९९३ मध्ये मिशिगन सुप्रीम कोर्ट म्हणालं हे ओपन मीटिंग्ज कायद्याचं उल्लंघन आहे, तुकडे करून भेटलात म्हणून कायदा चुकवता येत नाही. पण सहाच वर्षांनी, १९९९ मध्ये मिशिगन स्टेटच्या केसमध्ये त्याच कोर्टानं सांगितलं की या युनिव्हर्सिट्यांना राज्यघटनेनं स्वायत्तता दिलीय, प्रेसिडेंट कसा शोधायचा यात विधिमंडळाचा हा कायदा घुसू शकत नाही. घटनेत शब्द आहे "फॉर्मल सेशन्स" उघडी पाहिजेत, मग बोर्ड म्हणतं बाकीच्या अनौपचारिक, आणि फॉर्मल सेशनमध्ये नुसते हात वर होतात.

फ्लोरिडातही २०२२ मध्ये कायदा बदलला. प्रेसिडेंटच्या शोधात अर्जदारांची नावं आणि ती नावं ज्यात चर्चेला येतात त्या मीटिंग्ज, शेवटची यादी होईपर्यंत बंद. पुढे काय झालं? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडानं फायनलिस्ट म्हणून एकच नाव जाहीर केलं, सिनेटर बेन सास यांचं. विद्यार्थ्यांनी, फॅकल्टीनी तुलना कुणाशी करायची? ते २०२४ च्या जुलैमध्ये पायउतार झाले. मग २०२५ मध्ये परत एकच नाव, युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनचे प्रेसिडेंट सांता ओनो यांचं, ट्रस्टींनी एकमतानं पसंत केलं आणि जूनमध्ये राज्याच्या बोर्ड ऑफ गव्हर्नर्सनं उघड्या मीटिंगमध्ये १० विरुद्ध ६ नं नाकारलं. ओनो तोवर मिशिगन सोडून बसले होते. तुम्ही म्हणता ना उमेदवाराची नोकरी, तर शेवटचं दार शेवटी उघडं असतंच, आणि मग जे काही व्हायचं ते एकदम सगळ्या जगासमोर होतं. आधीच्या टप्प्यावर चारपाच नावं लोकांसमोर असती तर आक्षेप आधीच कळले असते असं मला मनापासून वाटतं.

व्हिसाचं राहिलं. मीटिंगला बसायचा हक्क बहुतेक कायद्यांत "पब्लिक" किंवा "कुणीही व्यक्ती" यांना आहे, नागरिकत्व विचारत नाहीत. कागदपत्रं मागण्याबाबत काही राज्यं वेगळी आहेत, व्हर्जिनियात तो हक्क राज्याच्या नागरिकांपुरताच ठेवलाय आणि सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये ते मान्य केलं. तुमच्या राज्यात तसं असेल तर एखाद्या तिथल्याच मैत्रिणीला अर्ज करायला सांगा, किंवा सरळ स्टुडंट पेपरला. आम्हाला असे इमेल यायचे तेव्हा आनंद व्हायचा.

---

जुना_फळा

मी पुण्याहून. छत्तीस वर्षं शिकवलं, अभ्यास मंडळावर होतो, एक टर्म अधिसभेवर. धागा वाचून हेवा वाटला म्हणून लिहितो. आपल्याकडे असा ओपन मीटिंग्जचा वेगळा कायदाच नाही. सार्वजनिक विद्यापीठांचा २०१६ चा कायदा आहे, त्यात अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद सगळं आहे, अधिसभेवर पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात, पण सामान्य विद्यार्थ्यानं जाऊन व्यवस्थापन परिषदेत बसावं अशी काही तरतूद मी तरी वाचलेली नाही.

मात्र माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात एक ओळ आहे जी फार थोड्यांनी वाचलीय. कलम ४, पोटकलम १, खंड ख, उपखंड आठ. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं, म्हणजे विद्यापीठानंही, स्वतःहून प्रसिद्ध करायचं की आपल्याकडे दोन किंवा अधिक व्यक्तींच्या कोणकोणत्या समित्या, मंडळं, परिषदा आहेत, सल्ल्यासाठी नेमलेल्यासुद्धा, आणि त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, किंवा त्यांची इतिवृत्तं लोकांना मिळतात का. खुल्या ठेवा असं कायदा सांगत नाही, पण खुल्या आहेत की नाहीत ते लिहा असं सांगतो. आणि सल्लागार समितीही त्यात घेतलीय, ज्या शब्दावरून इलिनॉयमध्ये दार बंद झालं तोच शब्द आपल्याकडे कायद्यात आत घेतलाय.

मी निवृत्त झाल्यावर एका विद्यापीठाच्या वेबसाइटवर हा तक्ता शोधला. समित्यांची नावं होती. शेवटच्या रकान्यात प्रत्येकीसमोर "नाही". चौदा ओळी, चौदा वेळा नाही. मी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला की शुल्कवाढ समितीची मागच्या दोन वर्षांची इतिवृत्तं द्या. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, आलं नाही, पहिलं अपील केलं, तेव्हा मिळाली. एका बैठकीचं इतिवृत्त अडीच ओळींचं. "सविस्तर चर्चा झाली व सर्वानुमते वाढ मंजूर करण्यात आली." सविस्तर चर्चेत कोण काय म्हणालं, खर्च किती, कुणी विरोध केला का, काही नाही. म्हणून बाळ, तू बैठकीत बसायचा हट्ट सोडू नकोस. कागद नंतर मिळतो पण त्यावर जेवढं लिहायचं ठरलं तेवढंच असतं.

---

तुळशीवृंदावन

जुना फळा सर, अडीच ओळींचं वाचून मला कसंतरीच झालं. मिनिट्स लिहिणाऱ्या माणसाला माहीत असतं कुठलं वाक्य गाळलंय.

गोदाकाठची, अजून एक, युनिव्हर्सिटीवाले कधीकधी विद्यार्थी मेंबर आहेत म्हणून फर्पा पुढे करतात, विद्यार्थ्यांच्या खाजगी रेकॉर्डचा १९७४ चा केंद्रीय कायदा. ते ऐकून घाबरू नकोस. तो कायदा विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींसाठी आहे, फीच्या बजेटसाठी नाही.

---

कोकणकडा

हो, आणि फर्पाचं कारण शिस्तीच्या केसमध्येही नेहमी चालत नाही. जॉर्जियात १९९३ मध्ये रेड अँड ब्लॅक या स्टुडंट पेपरनं युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियाच्या ऑर्गनायझेशन कोर्टाविरुद्ध केस जिंकली, फ्रॅटर्निटींवरच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या क्लबांवरच्या, आरोपांची सुनावणी तिथे व्हायची. राज्याच्या सुप्रीम कोर्टानं कागद आणि सुनावणी दोन्ही उघडं करायला लावलं. आमच्या न्यूजरूममध्ये त्या निकालाची झेरॉक्स भिंतीवर होती, कोपरे पिवळे पडलेले.

---

गोदाकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार, तुम्ही एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. अपडेट देते.

कोकणकडा दादांनी सांगितल्याप्रमाणे मी ऑफिसला साधा इमेल केला, तक्रार नाही, फक्त विचारलं की ही कमिटी ज्या ठरावानं नेमली त्याची प्रत मिळेल का, आणि मंगळवारची मीटिंग कुठल्या कलमाखाली बंद केली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी कागद आला, तीन पानी. बोर्डाच्या पॉलिसीतच कमिटीचं नाव आहे! आणि एक वाक्य आहे की कमिटीनं शिफारस केल्याशिवाय फीवाढीचा प्रस्ताव बोर्डासमोर जाणार नाही. म्हणजे यांनी नको म्हटलं तर तिथेच संपलं. मी ते वाक्य चार वेळा वाचलं. हे वूड विरुद्ध मार्स्टनसारखंच झालं ना? आमच्या राज्याच्या अटर्नी जनरलच्या मॅन्युअलमध्येही शोधलं, बोर्डाच्या नियमानं झालेल्या कमिटीला कायदा लागतो असं स्पष्ट लिहिलंय, पान काढून ठेवलंय.

कलमाचं उत्तर मात्र दिलेलं नाही. फक्त लिहिलंय की गुरुवारच्या मीटिंगला "स्वागत आहे". माझ्याबरोबर डिपार्टमेंटचे सहा जण यायला तयार झालेत, एक स्टुडंट पेपरची मुलगीही येतेय. आता शेवटचं विचारते, तिथे बोलता येईल का, आणि फोनवर रेकॉर्ड केलं तर चालतं का?

वाईचा घाट सर, तुमच्या त्या उमेदवाराबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं मला पटतं, माणसाचं प्रकरण आणि पैशाचं प्रकरण एका मापानं मोजू नये.

---

वाईचा_घाट

वा! बोर्डाच्या पॉलिसीत नाव असेल तर काळजी नको. सहा जण जा पण मागे शांत बसा, अध्यक्षांना त्रागा करायला निमित्त मिळू देऊ नका. मी आज आमच्या डिपार्टमेंटच्या कमिटीचा नेमणुकीचा कागद शोधला, नऊ वर्षांत पहिल्यांदा. सापडला नाही. उद्या चेअरना विचारणार आहे.

---

तुळशीवृंदावन

बसायचा हक्क आणि बोलायचा हक्क वेगळा, हे लक्षात ठेव. पुष्कळ राज्यांत ऐकायचा हक्क पक्का असतो पण बोलू देणं अध्यक्षांच्या हातात असतं, इलिनॉय किंवा कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत लोकांना बोलायला वेळ द्यावाच लागतो. तुझ्या मॅन्युअलमध्ये पब्लिक कॉमेंट असं शोध. बोलता येत असेल तर दोन मिनिटांचं लिहून ने, आकड्यापासून सुरू कर. रेकॉर्डिंग विस्कॉन्सिनमध्ये आणि कॅलिफोर्नियात चालतं, मीटिंगमध्ये अडथळा येत नसेल तर. तुझ्याकडे बहुतेक चालेलच पण तेही बघून घे, आणि फोन टेबलावर समोर ठेव, खिशात नको.

नोटीस लागली की दाराच्या कागदाचा फोटो काढून ठेव, तारीख वेळ दिसेल असा. या वेळी विषय नीट लिहिलाय का ते बघ. परत बाहेर जायला सांगितलं तर उठण्याआधी एकच वाक्य म्हणायचं, नम्रपणे, "कोणत्या कलमाखाली ते कृपया मिनिट्समध्ये लिहा." एवढं म्हणून मग बाहेर ये.

---

गोदाकाठची

नोटीस आत्ताच लागली. मी खाली जाऊन फोटो काढून आले. या वेळी पाऊण पान आहे, फीचे तीन प्रस्ताव आकड्यांसकट, ग्रॅज्युएटचा ११० वालाही, आणि खाली पब्लिक कॉमेंट, १५ मिनिटं. रजिस्टरबद्दल लिहिलंय, सही ऐच्छिक.

दोन मिनिटांचं लिहायला बसतेय. किराण्याच्या पावत्या काढल्यात समोर.